कलमं बांधणारी

राहुरीजवळच्या एका रोपवाटिकेत हौसामावशी वीस वर्षं रोजंदारीवर आंब्याची कलमं बांधत होती. कुणी शिकवलं नव्हतं, हातातच होतं. कायमची जागा निघाली तेव्हा तिनं अर्ज केला. अवधूतसाहेबांनी तो परत दिला. पदवी घेऊन आलेल्या या साहेबाला कलमाचा चाकू धरायला तिनंच शिकवलं होतं.

"दहावीचा दाखला लागतो, मावशी. जागा डिप्लोमावाल्या मुलीला दिलीय. तिची कलमं मात्र जगत नाहीत. तेवढं शिकवा तिला."

"मंग डिप्लोम्यात काय शिकली?"

साहेब हसले.

"शिकवते. पन मला मावशी म्हनायचं न्हाई, बाई म्हनायचं. साळंत शिकवनारीला बाईच म्हनत्यात. तुमीबी म्हना."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला खुरपणीला लावलं.