आत्याच्या खोलीतली बोलकी फळी

"आत्या, मी विणलेली निळी टोपी तुला बसली का गं?"

हा प्रश्न विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि टकळीने तो भरल्या खोलीत विचारला. माडीवरच्या त्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेजारपाजारचे, बाबांच्या कचेरीतले, अगदी जिन्यावरसुद्धा माणसं. मधोमध आत्याची रिकामी खुर्ची, आणि तिच्यासमोर लाकडी जमिनीला कान लावून पालथे पडलेले कानमहाराज.

"डोळे मिटा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "उघड्या डोळ्यांना गेलेली माणसं लाजतात. एकदा वाजलं तर हो, दोनदा वाजलं तर नाही, आणि वाजलंच नाही तर तुमची श्रद्धा कमी."

सगळ्यांनी डोळे मिटले. खुर्चीपाशी फळी करकरली. एकदाच.

बाबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. टकळीचं खरं दुखणं तेच होतं. आत्या गेल्यापासून बाबा कामावरून आले की थेट माडीवर. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, ताईशी बोलतोय. आई खाली एकटी जेवायची, बाबा वर एकटे, आणि टकळी (हे नाव आत्यानेच ठेवलेलं) दिवसभराच्या गप्पा तोंडात धरून जिन्यात बसायची. तीन माणसांच्या घरात बोलकी काय ती जमीन.

"महाराज, मला विणता येत नाही," टकळी म्हणाली. "टोपी कधी विणलीच नाही मी."

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज हलले नाहीत. मनात विणलेली टोपीही तिकडे पोचते, म्हणाले.

"पोचत असेल. पण मी डोळे मिटले नव्हते. तुम्ही पायाचा अंगठा फळीवर दाबलात, तेव्हाच वाजलं."

महाराजांनी पाय आखडते घेतले. टकळी भिंतीकडे गेली आणि जिथे त्यांचा अंगठा होता तिथे तिने टाच रोवली. खुर्चीपाशी करकर. पुन्हा रोवली, पुन्हा करकर. ती लांब फळी खालच्या तुळईवर सैल झाली होती. एक टोक दाबलं की दुसरं सी-सॉसारखं उचललं जायचं आणि ढिल्या खिळ्याला घासायचं.

"म्हणजे पुतणीच्या लग्नाचं मी या अंगठ्याला विचारत होते?" शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि हशा पिकला. त्या हशातच महाराज चपला हातात घेऊन जिना उतरले.

खोली रिकामी झाली. बाबा मात्र जागचे उठले नाहीत. "ते यायच्या आधीपासून वाजायचं," ते म्हणाले. "संध्याकाळी, आपोआप. मी ऐकलंय."

कधीपासून, असं टकळीने विचारलं, आणि बाबांची नजर खुर्चीपुढच्या मोकळ्या जागेकडे गेली. आत्याचं लोखंडी पायांचं शिलाई मशीन त्या फळीवर असायचं. डोळ्यांसमोर नको, म्हणून त्यांनीच ते अडगळीत नेलं होतं. इतकी वर्षं त्याच्या भाराने दबलेली फळी मोकळी झाली, आणि संध्याकाळी हवा गार पडली की लाकूड आकसून करकरू लागलं.

रविवारी बाबांनी ड्रिल काढलं. भोकं पाडून फळी स्क्रूने तुळईला घट्ट आवळली. टकळीने फटींत टाल्कम पावडर भरली, म्हणजे कडा एकमेकींना घासणार नाहीत. मग बाबा फळीवर उभे राहिले, टाचांवर डोलले. काही वाजलं नाही.

"ताई?" ते अगदी हळू म्हणाले.

जिंकल्यासारखं वाटेल, अशी टकळीची कल्पना होती. पण ती शांतता इतकी लांबली की तिलाही वाटलं, एकदा, एकदाच वाजू दे. आई दारात येऊन उभी होती. तीही ऐकत होती.

"मी ठरवलंय," टकळी दोघांना म्हणाली. "मशीन परत इथे येणार आणि मीही या खोलीत राहायला येणार. लाकडाला काही विचारू नका, बाबा. ते फक्त आकसतं आणि फुगतं. आत्याची आठवण आली तर खाली हाक मारा, आम्हालाही येते. आणि विचारायचंच असेल तर मला विचारा. मी हो आणि नाहीच्या पुढेही बोलते."