परतीची गाडी

अण्णांच्या टेबलावरच्या छोट्या रेल्वेत एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती: उघड्या वॅगनवरचा माल चिकटवायचा नाही. काटक्यांचे ओंडके काळ्या दोऱ्याने करकचून आवळायचे, पण अख्खा गठ्ठा अलगद उचलता आला पाहिजे. भरून गेलेली गाडी रिकामी परत यायला नको का? कुणी गोंदाची बाटली काढली, की अण्णांचं डोकंच फिरायचं.

"रेल्वे आहे ही, शोकेसमधली बाहुली नाही!"

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला अण्णांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, बसायच्या. गाडी आली की त्या दोन बोटांनी माल उतरवायच्या आणि म्हणायच्या, "मिळाला हो, पाठवा परत!"

गेल्या महिन्यात अण्णा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले आणि एकटेच घरी आले.

आज धाकटा भाऊ भेटायला आला. गाडी फिरताना पाहून त्याला बरं वाटलं. वहिनींच्या खुर्चीत बसून तो ओंडक्यांचा गठ्ठा उचलायला गेला, तर अख्खी वॅगनच हातात आली.

"अण्णा, गोंद? आणि तुम्ही?"

"ठेव ती खाली!" अण्णा खेकसले. मग चाकं रुळावर बसवता बसवता पुटपुटले, "एकदा रिकाम्या हातांनी परत आलोय मी. तेवढं पुरे."