हमराकुल अकाचं उड्डाण

उझबेकिस्तानात आमच्या मर्गिलानच्या नानभट्ट्यांत माणसं टिकत नाहीत. वसंत आला की अर्धी रशियाला जातात, उरलेली ताश्कंदला. म्हणून आमच्या मालकीणबाई मुकर्रम ओपांनी, म्हणजे मुकर्रमताईंनी, एक दिवस कणीक मळणं थांबवून आम्हा तिघांना रांगेत उभं केलं.

"तुम्हाला काय हवंय?"

"पगारवाढ," मी म्हणालो.

"ते सगळ्यांनाच हवं असतं. तुला काय हवंय?"

मला दुपारपर्यंत झोपायचं होतं. ओपांनी माझी पाळी दुपारची केली. सोतिबोल्दीला कोंबड्याला बोलायला शिकवायचं होतं, त्याला रोज एक तास सुट्टी मिळाली. कोंबडा अजून विचार करतोय.

हमराकुल अका, म्हणजे आमचा हमराकुलदादा, म्हणाला, "मला उडायचंय."

कुणी हसलं नाही. अका म्हणजे आमची भट्टी. तंदुरात कंबरेपर्यंत वाकून तो आतल्या भिंतीला नान चिकटवायचा आणि एकही खाली पडायचा नाही. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते जमत नव्हतं. तो गेला तर कुलूपच. ताश्कंदच्या एका हॉटेलचा माणूस तीनदा येऊन त्याला गच्चीसकट खोली देऊ करून गेला होता.

"बरं," ओपा म्हणाल्या, "किती उंच?"

रेशीम कारखान्यातून रंग चुकलेले तागे आणले. सहा महिने आम्ही त्यांची एक भलीमोठी पिशवी शिवत होतो. शिवता शिवता कधी डोळा लागायचा, आणि जाग यायची तेव्हा मांडीवर जांभळं-पिवळं तळं पसरलेलं असायचं.

एका पहाटे पिशवीचं तोंड तंदुरावर धरलं. पिशवी हळूहळू उठली, गावातल्या सगळ्या नवऱ्या मुली एकदम उभ्या राहिल्यासारखी.

आता आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस नानाचा एक घास चावून जातो. उरलेला नान घरातले भिंतीला टांगून ठेवतात आणि त्यानं परत येऊन तोच संपवायचा असतो. त्यामुळे अकाला आपल्याकडे परत आणायला अख्खी गल्ली नान घेऊन हजर झाली. हॉटेलचा माणूसही आला. त्याच्या नानावर तीळ जास्त होते.

अकाला नाही म्हणता येत नाही. त्यानं एक्केचाळीस घास खाल्ले आणि पिशवीखाली बांधलेल्या टोपलीत बसला. फुगा जागचा हलेना.

"बूट काढ," ओपा म्हणाल्या.

बूट काढले. पट्टा काढला. शेवटी सोतिबोल्दीनं पाठीत एक धपका घातला, अकानं मोठी ढेकर दिली आणि फुगा सुटला.

"ओपा, तुमचा नान?" मी घाईनं विचारलं.

"मी त्याला जाऊ दिलंय. चावायला लावलं तर दोरी बांधल्यासारखं होईल."

"मग बांधूया की दोरी!"

"गप रे."

तो तुतीच्या झाडांवरून गेला. रेशमातून ऊन खाली गळत होतं. पहिल्यांदा सोतिबोल्दी हिरवा झाला, मग मी, मग कोंबडा. पलीकडे कापसाच्या शेतातल्या बायका क्षणभर जांभळ्या झाल्या आणि पुन्हा वाकल्या. आवाज कसलाच नव्हता. टेकडीमागे रंग विरघळेपर्यंत ओपा कपाळावर हात धरून उभ्या होत्या.

तीन दिवस भट्टी थंड. ओपांनी एकदा स्वतः नान लावून पाहिले. राखेत पडलेले आम्ही मुकाट्यानं खाल्ले.

"शुक्रवारपर्यंत बघू," त्या म्हणाल्या. "नंतर तुम्ही दुसरीकडे विचारा."

शुक्रवारी सकाळी वाळवंटाच्या बाजूनं अका अनवाणी चालत आला. फुगा त्यानं पागोट्यासारखा डोक्याला गुंडाळला होता. तो बऱ्यापैकी मोठा होता, त्यामुळे अकाआधी पागोटंच गल्लीत शिरलं. दारोदारी लोक आपापला वाळका नान घेऊन उभे.

"अका, आमचा आधी संपव!"

"आमच्याकडे चहाही आहे!"

"गाडी तयार आहे," हॉटेलचा माणूस म्हणाला. नान त्यानं काचेच्या डब्यात ठेवला होता.

अका सगळ्यांना मान लववत आमच्या दारात आला.

"इथं कुणी काही हातात देत नाही ना?"

"नाही," ओपा म्हणाल्या.

"मग बसतो जरा."

त्यानं चहा घेतला. ओपा चहा कपाबाहेरच ओतत राहिल्या.

"वर फार शांत आहे, ओपा," अका आपणहून म्हणाला. "आपण आहोत हेसुद्धा विसरायला होतं. आणि खाली सगळ्या गावातल्या भट्ट्यांचा धूर दिसतो, एकेक. आपला दिसेना. मन लागेना मग."

बाहेर हॉटेलचा माणूस दार ठोठावू लागला. अकानं बाह्या वर केल्या, तंदुरात डोकावून म्हणाला, "राखही काढली नाही तुम्ही?" आणि कंबरेपर्यंत आत गेला.

"सांग त्याला," ओपा मला म्हणाल्या, "अका कामात आहेत."