हौशाच्या जिभेवरचे मीठ

मित्रांनो, मी एक जुने मीठ आहे. पण आमटीत पडणारे नव्हे. माझे नाव पोटॅशियम आयोडाइड. कारखान्यात आयोडीनचे काळपट खडे पोटॅशच्या गरम, दाहक पाण्यात विरघळवले. ते पाणी आटवून, कोळशाची पूड मिसळून भट्टीत भाजले. मग पुन्हा पाण्यात घालून गाळले आणि निवू दिले, तेव्हा माझे फाशांसारखे पांढरेशुभ्र स्फटिक जमले. माझी चव खारट, मागाहून कडवट. पाण्यात पडले की मी चटकन विरघळते आणि पाणीही गार करते. ऊन आणि दमट हवा मात्र मला सोसत नाही, मी पिवळे पडते. म्हणून तपकिरी बाटलीत भरून मला गुरांच्या दवाखान्यात धाडले.

१९६४ साली कुंडलचे गाडीवान इलियास तिथे आले. त्यांचा बैल हौशा चारा तोंडात घेई आणि तसाच गाळून टाकी. जीभ लाकडासारखी कडक झाली होती. लाळ थांबत नव्हती.

शेजारचे धोंडिराम म्हणाले होते, “इलियासभाई, त्यो काय जगत न्हाई. इकून टाका.”

पण इलियासची बायको मेहरुनबी बांबूच्या नळीने त्याला पेज पाजत राहिली.

दवाखान्याच्या डॉक्टर नानासोंनी ‘लाकडी जीभ’ हा रोग ओळखून माझ्या पुड्या बांधून दिल्या. मेहरुनबी रोज एक पुडी पाण्यात ढवळून हौशाला पाजी. जीभ जरा सैल पडली. आणि एका सकाळी त्याच्या डोळ्यांना धार लागली, अंगावरून कोंडा झडू लागला.

“माझ्याच हातानं इख पाजलं की वो!” मेहरुनबीने हातातली पुडी खाली टाकली. मित्रांनो, माझाही जीव कासावीस झाला.

इलियासनी डॉक्टरांना गोठ्यात आणले. त्यांनी जीभ चाचपली आणि ते हसले.

“भिऊ नका. औषध अंगात मुरलं, त्याची ही खूण. आता मात्र पुडी बंद.”

“मग खाईल न्हवं त्यो?” मेहरुनबीने विचारले.

“घालून तर बघा.”

मेहरुनबीने कोवळे गवत पुढे धरले. हौशाने जीभ बाहेर काढली, गवताला वेढा घातला आणि ओढून घेतले. तो चावत राहिला, ती नुसती बघत राहिली.

मित्रांनो, मी गुणाचे आहे, पण मापातच. आणि तुमचे जनावर वैरण टाकू लागले, तर लगेच त्याला विकायला काढू नका. आधी त्याचे तोंड उघडून पाहा.