दिसेल अशा जागी

मी एक जुनी गोंदायची मशीन आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी टोचते. माझं कामच ते. तेव्हा माझ्याकडून फार गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

दिसायला मी काही खास नाही. लोखंडी सांगाडा, त्यावर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या, एक स्प्रिंग आणि सुई हलू नये म्हणून एक रबर बँड. पुण्यात एका कारखान्यात मला जोडलं आणि तिथल्याच एका दुकानातून वेल्ह्याच्या ज्ञानूनं मला उचललं. माझ्याआधी ज्ञानूची आई गोंदायची. सुयांची जुडी दोऱ्यानं बांधायची, काजळात बुडवायची आणि बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर टोचायची. मी पहिल्यांदा घरात आले तेव्हा माझी गुरगुर ऐकून ती म्हणाली, "ही काय भुंग्यावानी वरडतीया! हिच्यापुढं हात धरंल तरी कोण?" पण लोकांनी हात धरले. रांगा लावून धरले.

सुरुवातीची वर्षं मी जत्रेजत्रेनं फिरले. मोटारसायकलची बॅटरी, एक खुर्ची, एक छत्री आणि मी, एवढंच आमचं दुकान. देवाचं नाव, भावाचं नाव, ओम, त्रिशूळ, विंचू, तुळस. पुढं ट्रेकवाले वाढले तेव्हा तोरण्याची आणि राजगडाची चित्रं काढून मी अगदी दमले. मग ज्ञानूनं वेल्ह्याच्या बाजारात एसटी स्टँडसमोर टपरी टाकली आणि माझी वणवण थांबली.

ज्ञानूची एक रीत आहे, ती तुम्हाला सांगायलाच हवी. झाकल्या जाणाऱ्या जागी कुणी गोंदायला सांगितलं तर तो लगेच मला हातात घेतो. पण मान, गाल, पंजा, मनगट, म्हणजे जगाला पहिल्यांदा दिसेल अशी जागा कुणी पुढं केली की तो मला खाली ठेवतो आणि बॉलपेन उचलतो. पेनानं तेच चित्र तिथं काढतो आणि गिऱ्हाईकाला म्हणतो, "जा, बाजार फिरून या. च्या प्या, भाजी घ्या, वळखीच्या माणसांना भेटा. परत यावंसं वाटलं तर या." पुष्कळ जण परत येतात. पुष्कळ जण येत नाहीत. इंद्रजित नावाचा एक पोरगा सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पळायचा आणि त्याला मानेवर वाघाचा जबडा हवा होता. पेनाचा वाघ घेऊन तो रुबाबात बाजारात गेला. त्याला पळायला शिकवणारे सर तिथंच वडापाव खात होते. त्यांनी असा काही झापला की गडी टपरीकडं न येता थेट नळावर गेला आणि मान घासघासून लाल करून घेतली. माझं एक काम हुकलं, पण मला राग नाही आला. भरतीवाल्यांनी त्याला मानेवरून घरी पाठवला असता तर नाव माझंच खराब झालं असतं.

हल्ली माझे दिवस जरा उतरले आहेत. पेनासारखी एक नवी मशीन आली आहे. तिला वायर नाही, आवाज नाही, आणि पोरंपोरी तिच्यावर खूश. मी पिशवीच्या तळाशी असते. दुखतं हो, खोटं कशाला बोलू? फक्त म्हातारं माणूस आलं की ज्ञानू मला बाहेर काढतो. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते आणि मला किती हळू चालवायचं हे त्याच्या हाताला पाठ आहे. म्हणूनच बनाबाईचा हात माझ्या वाट्याला आला.

बनाबाई पासली गावची. कपाळावर, हनुवटीवर हिरवं गोंदण, हातभर हिरवी नक्षी. तिचा मुलगा चिमाजी तिला घेऊन आमच्या टपरीत आला. भातशेती करणारा, थोडक्यात बोलणारा माणूस. पण त्या दिवशी त्याचा जीव टांगणीला लागलेला दिसत होता.

तो म्हणाला, "ज्ञानूभाऊ, आई इसरते. सकाळचं जेवान इसरते, घर इसरते. परवा कुणाला न सांगता एसटीत बसून पार नसरापूरला ग्येली. नशिबानं कंडाक्टर वळखीचा. तिच्या चंचीत चिठ्ठी ठिवली तर फेकून देती. तवा हितं मनगटावर माझा मोबाईल नंबर गोंदा. दिसंल असा. झाकायचा न्हाई."

ज्ञानूनं रीतीप्रमाणे पेन घेतलं आणि म्हातारीच्या मनगटावर नंबर लिहिला. बनाबाईनं हात डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग तिनं विचारलं, "हे काय लिवलं?"

"माझा नंबर हाय, आई. तू कुठं चुकलीस तर लोक मला फोन करतील."

"म्हंजी डाक्टरनी गाईच्या कानात बिल्ला मारलाय, तसं व्हय?"

खरं म्हणजे ही कल्पना चिमाजीला गोठ्यातच सुचली होती, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बनाबाईनं पदर ओला केला आणि नंबर पुसून टाकला. "म्या काय जनावर न्हाई. गोंदायचं तर माझं नाव गोंदा."

ज्ञानू चिमाजीला म्हणाला, "हात जिचा, तिचा हुकूम. तिला नको आसंल तर मी सुई लावणार न्हाई." मग तो म्हातारीकडं वळला. "बरं आजी, नाव काय लिवू?"

"भिमा."

चिमाजी कळवळून म्हणाला, "अगं आई, बनाबाई. भिमा तुझं म्हायेरचं नाव. पासलीत कोण तुला भिमा म्हणतं?"

मित्रांनो, आपल्याकडं लग्न झालं की बाईचं आडनाव तर बदलतंच, पुष्कळदा नावही बदलतात. मला ते माहीत होतं. मी किती तरी बायकांच्या दंडावर आधीचं नाव पाहिलं आहे आणि त्यांना हाक मात्र दुसऱ्याच नावानं मारलेली ऐकली आहे. पण त्यावर कुणी बाई चिडलेली मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

बनाबाई चिडली. "बनाबाई तुज्या आजीनं ठिवलं. मला इचारलं न्हाई. मांडवात भिमा बसली आन् उठली बनाबाई. मी पाली गावची भिमा हाय. लिव, लेका, भिमा."

चिमाजीनं खूप समजावलं. भिमा लिहिलं तर तुझा पत्ता कुणाला लागायचा नाही, गावातली पोरंसोरं तर सोडाच, माझी बायकोसुद्धा हे नाव जाणत नाही, असं तो परोपरीनं सांगत राहिला. त्याचं चूक नव्हतं. आई हरवली तर सापडली पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं. शेवटी ज्ञानूनं तोड काढली. नाव तिच्या मर्जीचं, गाव मुलाच्या मर्जीचं. "भिमा, पासली" असं पेनानं लिहून त्यानं दोघांना बाजारात पाठवलं. बनाबाई भाजीवालीला हात दाखवून आली, रसवाल्याला दाखवून आली, आणि खुर्चीत बसून म्हणाली, "हां, आता टोच."

मी टोचलं. नवी सुई, नवी शाई, आणि अगदी हळू. ती हूं की चूं करत नव्हती. काम झाल्यावर चिमाजी निघाला, पण जाताना पुटपुटला, "काय उपेग न्हाई झाला." मला त्याचा राग आला, आणि काळजीही वाटली, कारण मलाही आतून तसंच वाटत होतं.

भात लावून झालं आणि एके दिवशी बनाबाई खरंच गेली. सकाळी ओट्यावर बसलेली होती, घटकाभरानं नव्हती. चिमाजीनं आधी शिवार पाहिलं, ओढा पाहिला. मग तो वेल्ह्याला आला आणि मोबाईलवरचा तिचा फोटो दुकानादुकानात दाखवत विचारत सुटला, "बनाबाईला बघितलं का? पासलीच्या बनाबाईला?" बाजाराच्या वरच्या अंगाला त्याचा हा आकांत चालला होता. तो आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

आमच्याकडं आला तो रफीक. भोरचा हा रफीक टेम्पोतून फळं घेऊन वेल्ह्याला येतो. त्याच्या कानाला मोबाईल होता आणि तो खालच्या अंगानं एकेकाला विचारत येत होता, "पासलीची भिमा कुणाची? भोरला स्टँडवर एक म्हातारी बसलीया. माझी फुफी, म्हंजी आत्या, बानो तिथं केळीची गाडी लावती, तिचा फोन हाय." प्रत्येक जण मान हलवत होता. पासलीचाच एक जण तिथं खत घ्यायला आला होता, तो तर ठासून म्हणाला, "आमच्या गावात भिमा नावाची कुणी बाईच न्हाई."

रफीक फोनवर बोलत होता, "फुफी, हितं कुणाला ठावं न्हाई. पोलिसांकडं दे तिला."

ज्ञानू टपरीतून अक्षरशः उडी मारून बाहेर आला. "अरं थांब! भिमा म्हंजी बनाबाई! मीच गोंदलंय ते!"

पुढची धावपळ कुणीही ओळखेल. वरच्या अंगाचा चिमाजी आणि खालच्या अंगाचा रफीक यांची गाठ पडली. एकाच बाजारात, एकाच बाईला दोघं दोन नावांनी शोधत होते. रफीकनं टेम्पो भोरकडं काढला. ज्ञानू टपरी उघडी टाकून टेम्पोत चढला, पण पिशवी मात्र सवयीनं खांद्याला अडकवली. त्या पिशवीत मी होते, म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक आहे. वाटेत चिमाजी एकदाच म्हणाला, "केळी खाल्ली आसंल का तिनं? सकाळपासनं उपाशी हाय."

भोरच्या स्टँडवर केळीच्या गाडीमागं एका उलट्या क्रेटवर बनाबाई बसली होती. तिनं केळी खाल्ली होती. शेजारी बानो उभी होती, जाडजूड, कपाळावर घाम, एका हातानं गिऱ्हाईक करत आणि दुसऱ्या हातानं म्हातारीचा पदर धरून.

चिमाजी धावत गेला. "आई! अगं आई!"

बनाबाईनं वरसुद्धा पाहिलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. ती येणाऱ्याजाणाऱ्या एसट्या बघत राहिली. तो तिच्यासमोर बसला, तर तिनं परक्या माणसापासून अंग चोरावं तसं अंग चोरलं.

बानो म्हणाली, "भाऊ, तशी न्हाई वळायची ती. म्या बी आजी म्हटलं, मावशी म्हटलं, सगळं करून बघितलं. रस्त्याच्या मधी उभी होती, गाड्या हार्न मारत होत्या, पर ही हलंना. मग हात धरला तर हातावरचं दिसलं. भिमा म्हणून हाक मारली तवा कुठं पाठीमागं आली."

मित्रांनो, चिमाजीची अडचण समजून घ्या. आमच्याकडं आईला कुणी नावानं हाक मारत नाही. थोरामोठ्यांचं नाव घ्यायचं झालं तरी जीभ चावतात. पन्नाशीचा तो माणूस, भरल्या स्टँडवर, आईला एकेरी नावानं हाक कशी मारणार? त्यानं ज्ञानूकडं पाहिलं. ज्ञानूनं नजर दुसरीकडं वळवली.

मग चिमाजी हळूच म्हणाला, "भिमा."

ती लगेच वळली. तिच्या हनुवटीवरचं हिरवं गोंदण हसल्यासारखं ताणलं गेलं. तिनं त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "माझं नाव ठावं हाय व्हय तुला? कुणाचा रं तू?"

"पासलीचा हाय," चिमाजी म्हणाला. "तुला न्यायला आलोय, भिमा."

"मग चल की. नाव ठावं आसलेल्या माणसासंगं जायाला काय भ्या हाय?" असं म्हणून तिनं आपणहून हात पुढं केला. त्यानं तो धरला आणि टेम्पोपर्यंत सोडला नाही. तो रडत होता. बानोनं केळ्यांची एक फणी टेम्पोत टाकली आणि डोळे पुसत पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळली.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझी स्प्रिंग सैल झाली आहे आणि ज्ञानू ती पुन्हा पुन्हा कसतो. दिसेल अशा जागी गोंदू नका, असं मी म्हणणार नाही. भिमानं ते गोंदून घेतलं नसतं तर बानोला काय दिसलं असतं? पण मान किंवा मनगट पुढं करण्याआधी पेनानं लिहून बाजारभर फिरा, ज्याला त्याला दाखवा, आणि ते जन्मभर मिरवायची तयारी असेल तरच या. चुलतभावाच्या हातावर बघितलं म्हणून येऊ नका. जखमेची काळजी घ्या, खाजवू नका, आणि दरवेळी सुई नवी आहे की नाही हे विचारा. विचारल्यावर चिडणाऱ्या माणसाकडून गोंदून घेऊ नका.

आणि एक काम आजच करा. घरी गेल्यावर आईला, आजीला विचारा, लग्नाआधी तुला काय म्हणायचे? चिमाजी आता त्याच्या आईला रोज सकाळी त्याच नावानं चहाला हाक मारतो. गावात थोडी कुजबूज होते. ती मात्र हाकेसरशी येऊन बसते.