विजयकुमारांची पक्की जागा

विभावरी मोदकाच्या पाकळ्या इतक्या निगुतीने मुरडत होती, की वर्षभर तिला दुसरं काही सुचलंच नसावं असं वाटावं. आणि खरंच सुचलं नव्हतं.

आखातातल्या रोल्ला भागातल्या याच फ्लॅटमध्ये मागच्या वर्षीही दीड दिवसाचा गणपती बसला होता. तेव्हा राजन, तिचा नवरा, एका बिल्डरकडे इंजिनिअर होता आणि विजयकुमार त्याच कंपनीत एचआर मॅनेजर. मंदीने सगळे धास्तावलेले. जबल अलीतल्या एका गोदाम कंपनीने राजनला नोकरी देऊ केली होती. आरतीनंतर त्याने विजयकुमारांना सरळ विचारलं, जाऊ का? हातातला मोदक खाली न ठेवता ते म्हणाले, "कशाला? तुमची जागा पक्की आहे."

राजनने जबल अलीला नकार कळवला. आठवड्याच्या आत त्याला कामावरून काढलं. कोणाला काढायचं, हे विजयकुमारांनी आरतीला येण्याआधीच ठरवलं होतं. विभावरीने फोन करून जाब विचारला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, ऑफिसच्या गोष्टी घरी बोलायच्या नसतात."

राजन पुण्याला परतला. मुलाच्या, तन्मयच्या शाळेसाठी विभावरी इथेच थांबली.

मग मंदीने विजयकुमारांनाही गाठलं. फिरत फिरत ते कंत्राटी सल्लागार म्हणून आले ते नेमके शेजारच्या अमिरातीतल्या एका छोट्या नगरपालिकेत, जिथल्या महसूल समितीचं काम विभावरी बघत होती. ही नगरपालिका प्रत्येक इंटरनेट जोडणीवर थोडं शुल्क घ्यायची. जमिनींचे व्यवहार थंडावल्यापासून तोच काय तो आधार होता, आणि आता केंद्र सरकार त्या शुल्कावर मर्यादा घालणार होतं. ती आली तर दिवाबत्ती आणि साफसफाई कशाच्या जोरावर चालवायची, हे विजयकुमारांनी समितीपुढे ठासून मांडायचं होतं. मांडणी जमली तर कंत्राट वाढणार होतं.

ईदच्या सुट्टीआधी अध्यक्षांनी विभावरीला आत बोलावलं. मर्यादा मान्य करून टाकली आहे, म्हणाले. विरोध खलास, सल्लागारही नको. ज्याला सांगायचं त्याला तू सांग.

तिने विजयकुमारांना सुट्टीतच येणाऱ्या गणपतीचं आमंत्रण दिलं.

ते आपल्या मुलीला, आभाला घेऊन आले. आभा आणि तन्मय ऊद मेथाच्या शाळेत एका बाकावर बसत. आरती झाली, ताटं वाढली. विजयकुमारांनी हळूच विषय काढला. दोह्याहून नोकरीचं बोलावणं होतं आणि उद्याच उत्तर द्यायचं होतं. "वहिनी, तुम्हाला आतलं माहीत. जाऊ का?"

विभावरीने त्यांच्या मोदकावर तुपाची धार सोडली. "कशाला, भाऊजी? तुमची जागा पक्की आहे."

त्यांना ते वाक्य ओळखू आलं नाही. त्यांनी आणखी एक मोदक मागून घेतला.

सुट्टीनंतरच्या बैठकीत विजयकुमार आवेशाने बोलायला उभे राहिले. दिवाबत्तीवरून साफसफाईवर येताहेत, तोच अध्यक्षांनी हात वर केला. "हबीबी, ये तो ईद से पहले ही खत्म हो गया. विभावरी ने बताया नहीं?"

विजयकुमार वळले. विभावरी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होती.

लिफ्टपाशी त्यांनी तिला गाठलं. "वहिनी, मी दोह्याला नाही कळवलं."

"माहीत आहे."

"निदान त्या दिवशी एक शब्द..."

"भाऊजी, ऑफिसच्या गोष्टी घरी बोलायच्या नसतात."

हे वाक्य मात्र त्यांनी ओळखलं. लिफ्ट आली. विभावरी एकटीच आत गेली, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिने मोकळा श्वास घेतला.

चार दिवसांनी संध्याकाळी तन्मय दप्तर न उतरवताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "आई, आभा इज लीव्हिंग. त्यांचं सगळं पॅक करतायत. डिड यू नो?"

"हो."

"देन व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

उत्तर तयारच होतं, लिफ्टपाशी वापरलेलं. पण त्याच्या तोंडाकडे बघत ते तिला म्हणता येईना.