आड आलेली फांदी

मी एक जुनी लेन्स आहे. चष्म्याची नव्हे, कॅमेऱ्याची. तीही लांबचं जवळ दाखवणारी, त्यामुळे अंगाने हातभर लांब आणि चांगली वजनदार. सध्या माझा मुक्काम मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात आहे. माझ्या डाव्या बाजूला गोधड्या आहेत आणि उजव्या बाजूला गणपतीच्या मखराचं सामान. मित्रांनो, ती दोघंही वर्षातून एकदा तरी बाहेर जातात. मला मात्र चार वर्षांत कुणी डोळ्याला लावलेलं नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. काचा घासल्या, पुसल्या, एकामागे एक बसवल्या. मग एका बाईने मला उजेडासमोर धरून पाहिलं, मान हलवली आणि मी पास झाले. मुंबईत आले ती एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराकडे. त्याने मला सात वर्षं क्रिकेट दाखवलं. चौकार, झेल, पायचीतची अपिलं! खरं सांगू का, मला कंटाळा यायचा. मैदानाच्या टोकाला झाडावर एक घार बसलेली असायची आणि माझा सगळा जीव तिच्याकडे असायचा, पण बघायचं कुठे हे लेन्स ठरवत नाही. पुढे त्याने नवी लेन्स घेतली आणि मी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काचेआड जाऊन बसले.

तिथून मला तुळशीदास परबने आणलं. तो अंधेरीच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर काम करतो. गाव कुडाळजवळचं, वडील गिरणीत होते. वयाने पन्नाशीचा माणूस, पण इतकी वर्षं डोळ्याला डोळा लावून राहिल्यावर अहो-जाहो कुठून करायचं? दुकानात त्याने माझं कडं हळूच फिरवलं, कान लावून आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाला, घट्ट पण नाही, सैल पण नाही. त्या हातांत मी त्याच क्षणी रमले.

रविवार आमचा असायचा. पहाटे उठून आम्ही घरामागच्या डोंगरावर जायचो, नाहीतर पवईच्या तलावावर. तिथे दगडावर ऊन खात पडलेली मगर मी पहिल्यांदा पाहिली. मागे काचेच्या उंच इमारती आणि पुढे ही, जबडा उघडा टाकून निवांत. सोसायटीच्या पंपरूममागे राहणारं मुंगूस आणि त्याची तीन पिल्लंसुद्धा मीच सगळ्यांना दाखवली. तोवर त्या इमारतीतल्या लोकांना आपल्या शेजारी एवढं मोठं कुटुंब राहतं याचा पत्ताच नव्हता! संध्याकाळी टीव्हीला वायर जोडून तुळशीदास फोटो दाखवायचा आणि मजल्यावरची मुलं चपला दारात टाकून आत यायची. माझी छाती भरून यायची.

त्याची बायको रत्नप्रभा माझी काळजी घ्यायची. मुंबईची दमट हवा आम्हाला मानवत नाही, काचेच्या आत बुरशी धरते. म्हणून तिने चकलीचा मोठा हवाबंद डबा मला दिला होता. तळाशी ओल शोषणाऱ्या पुड्या असायच्या आणि दर पंधरवड्याला ती त्यांतले दाणे तव्यावर कोरडे करून परत भरायची. त्या वर्षी दिवाळीला चकल्या पातेल्यात राहिल्या आणि मऊ पडल्या. कुणी तक्रार केली नाही.

मित्रांनो, आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

पक्षी बघणाऱ्यांचा एक गट होता. दरवर्षी ते फोटोंची स्पर्धा घ्यायचे आणि निवडलेल्या बारा फोटोंचं कॅलेंडर काढायचे. घाटकोपरचा हर्षद ते काम बघायचा. तुळशीदासने तीन वर्षं फोटो पाठवले आणि तिन्ही वेळा ते मागे राहिले. तिसऱ्या खेपेला हर्षद म्हणाला, "काका, फोटो झकास आहे यार, पण समोर ही फांदी आली ना." हर्षद वाईट मुलगा नव्हे. तो खरं तेच बोलला. पण लेथवर केसाएवढाही फरक चालू न देणाऱ्या माणसाच्या मनात ती फांदी रुतून बसली. माझ्याही मनात बसली, कारण दोष माझ्या काचेला लागला असं मला वाटलं.

त्या मे महिन्यात डोंगरावर कुड्याच्या झाडावर नाचणीने घरटं केलं. धान्याची नाचणी नव्हे, नाचण पक्षी. पंख्यासारखी शेपटी उघडून फांदीवर गिरक्या घेतो तो. कोळ्याची जाळी लावून विणलेली, चहाच्या कपाएवढी वाटी होती. पुढच्या रविवारी तीत तीन पिल्लं होती, नुसत्या उघड्या चोची. पण मध्ये पानांनी भरलेली एक फांदी येत होती. मला एका पिल्लाची अर्धी चोच दिसायची, मग पान, मग एक डोळा, पुन्हा पान. मला तळमळ लागली. लांबचं जवळ आणायला माझा जन्म, आणि हे एक पान मला ओलांडता येईना. ती फांदी जरा बाजूला कर रे, असं मी त्याला मनातल्या मनात किती वेळा म्हटलं!

तेवढ्यात खाली झुडपातून भारद्वाज चालत गेला. लाल डोळा, तपकिरी पंख. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं कोकणातल्या मुलांना बोलायला यायच्या आधीपासून शिकवतात. भारद्वाज घरट्यातली पिल्लं खातो, हेही तुळशीदासला पक्कं ठाऊक होतं. पण लहानपणी अंगात मुरलेलं आधी वर येतं. त्याने मला खाली केलं आणि भारद्वाजाला हात जोडले. मग बुटाची नाडी सोडली, फांदी मागे ओढली आणि खोडाला बांधली.

मित्रांनो, मग मला जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. तीन चोची, आत केशरी घसे, आणि आई चोचीत माशी घेऊन काठावर. एकही पान मध्ये नाही. तुळशीदासने फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी त्याची रजा होती, पुन्हा यायचं ठरलंच होतं, म्हणून त्याने नाडी तशीच ठेवली. तो फोटो त्याच संध्याकाळी हर्षदला गेला.

सोमवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा वाटी एका बाजूने फाटून लोंबत होती. बांधलेल्या फांदीवर भारद्वाज बसला होता आणि चोच पुसत होता. दोन्ही नाचणी त्याच्या डोक्यावरून शेपट्या उघडून फिरत होत्या, ओरडत होत्या. तुळशीदासने मला डोळ्याला लावलं आणि मी त्याला सगळं अगदी जवळून दाखवलं. माझं कामच ते. त्या दिवशी मी आंधळी असते तर बरं झालं असतं.

त्याने नाडी सोडली. फांदी सळ्ळकन आपल्या जागी आली आणि घरटं पुन्हा झाकलं गेलं, रिकामं.

फोटोला पहिला नंबर मिळाला. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर तो मे महिन्याला छापला. हर्षद पेढे घेऊन आला, शेजारच्यांनी कौतुक केलं. तुळशीदास सगळ्यांना चहा देत राहिला, आणि खरं काय ते त्याने फक्त रत्नप्रभाला सांगितलं. कॅलेंडर स्वयंपाकघरात लागलं. मे उजाडला तरी त्या घरात एप्रिलच होता. जून लागल्यावर रत्नप्रभाने दोन पानं एकदम उलटली.

मला त्याने बक्षिसाच्या संध्याकाळीच कपाटात ठेवलं होतं. डब्यातही नाही, नुसतं पंच्यात गुंडाळून. पहिल्या पावसाळ्यात माझ्या कडेच्या काचेवर एक पांढरा ठिपका आला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला फाटे फुटले. आज माझ्या आत बुरशीचं जाळं पसरलंय. दुखत नाही. पण खिडकीतून तांबट पक्ष्याची टकटक येते, शिंपी पक्ष्याची चिवचिव येते, आणि बघायला मिळत नाही. त्याच्या डोळ्याची ऊब आठवते. रविवारची पहाट मला कपाटाच्या दारातूनही कळते, आणि प्रत्येक रविवारी मला वाटतं, आज.

गेल्या वर्षी तुळशीदास पुन्हा डोंगरावर जाऊ लागला. मोकळ्या हातांनी. एका शनिवारी रत्नप्रभाने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. अंधेरीला एक जण आतून साफ करून देतो, उद्या घेऊन जा तिला, असं ती म्हणाली. त्याने मला उचललं. कडं फिरवलं, आवाज ऐकला. माझ्यात जीव आला. मग त्याने मला पुन्हा पंच्यात गुंडाळलं.

"नको गे," तो म्हणाला. "ही हातात असली की माका अजून फुडे जावचा वाटता."

मला फार लागलं. माझ्या सगळ्या गुणांत त्याने नेमका मोठा गुण दोष म्हणून काढला होता. कितीतरी दिवस मी त्याच्यावर रुसून होते, पण कपाटात रुसलेलं कुणाला कळतं?

यंदाच्या मे महिन्यात तो दर रविवारी परत आला की रत्नप्रभाला सांगू लागला. मी कान देऊन ऐकायचे. नाचणीचं घरटं आहे, तो म्हणायचा. मी वीस पावलांवर बसतो. मध्ये पानं आहेत, काही धड दिसत नाही, नुसती शेपटी हलताना कळते. पुढच्या रविवारी म्हणाला, चोची असाव्यात, दोन की तीन ते काही कळलं नाही. रत्नप्रभा विचारायची, जरा पुढे होऊन बघितलं नाही? तो नाही म्हणायचा आणि चहा प्यायचा.

मग तो रविवार आला. दाराची कडी वाजली. चपला काढायच्या आतच त्याचा आवाज आला.

"पिल्लां उडाली गे. तीनय."

मग रत्नप्रभा रडत असल्यासारखं वाटलं, की हसत होती, मला दिसलं नाही. ती तिन्ही पिल्लंही मला दिसली नाहीत. त्यांनी पंख कसे उघडले, कुठल्या फांदीवर आधी बसली, यांतलं काहीही मी पाहिलेलं नाही आणि आता पाहणारही नाही. ती ओढ जात नाही, मित्रांनो. ती माझ्या काचांत आहे.

माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी असेल तर तिला कोरडी ठेवा. अधूनमधून उजेड दाखवा, कपाटात विसरू नका. तिच्यातून घार बघा, मगर बघा, पंपरूममागचं मुंगूस बघा. पण कधी एखाद्या घरट्यासमोर ती तुम्हाला हळूच म्हणेल, ती फांदी जरा बाजूला कर. तेव्हा तिचं ऐकू नका. मी म्हटलं होतं, आणि त्याने माझं ऐकलं होतं.